साडेपाचचं विमान

बोरगव्हाणात घड्याळं तीन होती. एक शाळेच्या भिंतीवर, ते दोन वर्षांपासून पावणेदहावर थांबलेलं. दुसरं सरपंचांच्या मनगटावर, लेकाच्या लग्नात आलेलं, आणि ते सरपंचांशिवाय कुणाला बघायला मिळायचं नाही. तिसरं बब्रुवान ओव्हाळच्या हाताला, पण महिन्यातले वीस दिवस बब्रुवान गावाबाहेर. म्हणून गाव चालायचं ते विमानावर. मुंबईहून हैदराबादला जाणारं ते विमान रोज संध्याकाळी साडेपाचला परांड्याच्या अंगानं यायचं आणि सोनारीच्या भैरोबाचं शिखर ओलांडून बोरगव्हाणावरून उगवतीकडं बारीक होत जायचं. त्याची घरघर आली की बायका चुलीकडं वळायच्या, माळावरची गुरं घराकडं फिरायची, आणि पाझर तलावाच्या रोजगार हमीच्या कामावर श्रीपती मुकादम शिट्टी फुंकायचा.

“गेलं इमान, ठेवा घमेली!”

त्या विमानात माणसं बसतात हे गावाला माहीत होतं, पण आभाळात देव असतात हे माहीत असावं तसं. आपल्यातलं कुणी त्यात बसेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. शहाऐंशी सालच्या एप्रिलात बब्रुवान बसला.

बब्रुवान भीमनगरातला पहिला मॅट्रिक. तालुक्याच्या सहकारी सूतगिरणीत खरेदी विभागाला लागला त्याला अकरा वर्षं झाली होती. गिरणीला लागणारं बेअरिंग, पट्टे, चात्या असलं सगळं आणायला तो मुंबई, अहमदाबाद, कोइमतूर असा हिंडायचा. गावाला त्याच्या नोकरीतलं एवढंच कळायचं, की बब्रुवान गादीवर झोपतो आणि बसल्या जागी ताट येतं.

“मजा हाय बाबा तुझी,” श्रीपती म्हणायचा. “आमी हितं ढेकळं फोडावं आन तू ममईत पंख्याखाली.”

गावी आला की संध्याकाळी फाट्यावरच्या लिंबाखाली तो बसायचा. त्या लिंबाखाली गावातले आणि भीमनगरातले दोन्हीकडचे येऊन टेकायचे, कारण ती जागा कुणाचीच नव्हती. तिथं बब्रुवान शहरं सांगायचा. आणि त्याची ख्याती अशी, की तो वाढवून सांगत नाही. ढेकूण होते तर ढेकूण होते म्हणायचा. अहमदाबादच्या लॉजात उशीखाली आधीच्या माणसाचं कंगव्यासकट सामान निघालं, तेही त्यानं सांगितलं होतं. पुण्यात एका लॉजवाल्यानं वहीत लिहिलेलं आडनाव वाचलं, वही मिटली आणि खोली रिकामी नाही म्हणाला, हे त्यानं सांगितलं तेव्हा लिंबाखालचे निम्मे लोक जमिनीकडं बघत होते. त्यालाही ते दिसत होतं. तरी त्यानं सांगितलं.

“मोठ्या हाटेलात इचारत न्हायत,” तो म्हणाला होता. “नाव इचारत्यात, पर ऐकत न्हायत. कोण हायस, कुठला हायस, काय न्हाय. किल्ली देत्यात.”

“मग बरंच की,” श्रीपती म्हणाला.

“बरंच हाय,” बब्रुवान म्हणाला. पण त्याचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. ते असं होतं, की चार-चार दिवस कुणीच काही विचारत नाही. कोइमतुरात तर भाषाही नाही. बोटं दाखवून भात मागवायचा, बोटं दाखवून बास म्हणायचं. तिसऱ्या दिवशी खोलीत आल्यावर त्यानं आरशासमोर उभं राहून मोठ्यानं स्वतःचं नाव घेतलं होतं, आवाज राहिलाय का बघायला.

ही गोष्ट त्यानं लिंबाखाली कधी काढली नाही. टबाची काढली. गिरणीला माल देणाऱ्या एका कंपनीनं मुंबईत त्याची सोय चांगल्या हॉटेलात केली होती. न्हाणीघरात माणूस आडवा मावेल असा पांढरा हौद. बब्रुवाननं नळ सोडला, पाणी आलं, आणि त्याच्या हातानं जे आजवर केलं तेच केलं: भरून ठेवलं. काठोकाठ हौद भरला, बादली भरली, पाणी प्यायचा तांब्या, दोन काचेचे पेले, साबण ठेवायची वाटीसुद्धा भरली. मग पेल्यापेल्यानं बाहेर बसून आंघोळ केली. सकाळी झाडायला आलेल्या बाईनं हौदाचं बूच उपसलं तेव्हा ते सगळं पाणी गर्रकन फिरून जाताना तो शेवटच्या थेंबापर्यंत बघत राहिला.

“किती घागरी असतील?” पुतळाबाईनं विचारलं होतं. पुतळाबाई भीमनगरातली सगळ्यात जुनी बाई, नात्यानं त्याची आत्या.

“पंधराएक.”

“आगं बया.” तिनं दोन्ही हात गालांना लावले. “आन तू बघत बसलास व्हय रं!”

रात्रीची मुंबईही त्यानं अशीच सांगितली. कंपनीच्या एजंटानं एकदा त्याला नाच चालतो तिथं नेलं. काळोख, लाल दिवे, ताशा-वाजंत्री कानात बोलणं ऐकू येऊ नये इतकी. एजंट सारखा मांडीवर थाप मारून विचारायचा, “क्या साब, मजा आया?” पोरगी नाचत होती, हसत होती. बब्रुवान तिच्या डोळ्यांकडं बघत राहिला. ती दर दोन गिरक्यांनी समोरच्या भिंतीकडं बघायची. त्यानं वळून पाहिलं तर भिंतीवर घड्याळ.

“तलावावर आपली माणसं पाच वाजल्यापासनं आभाळाकडं बघत्यात का न्हाय,” तो लिंबाखाली म्हणाला, “आगदी तशी.”

तर असा हा माणूस. त्याला गिरणीचे चेअरमन नानासाहेब म्हणाले, “ओव्हाळ, मुंबईच्या कंपनीकडून गिअरचा नकाशा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादच्या कारखान्यात हजर करा. मशीन बंद आहे. गुरुवारी विमानानं जा.”

बातमी बब्रुवानच्या आधी गावात पोचली. सोमवारी लिंबाखाली बसायला जागा नव्हती.

“म्हंजी आपल्याच इमानात?” श्रीपतीनं विचारलं. “साडेपाचच्या?”

“त्याच.”

मग श्रीपतीच्या डोक्यात आलं. गुरुवारी काम अर्धा तास आधी थांबवायचं. तलावाच्या भरावावर तीनशे माणूस ओळीनं उभं करायचं, प्रत्येकाच्या हातात घमेलं. वापरून वापरून घमेली आतून अशी घासली होती की उन्हात डोळे दिपायचे. विमान वर आलं की सगळ्यांनी घमेली आभाळाकडं करायची.

“खिडकी धर बरं का,” श्रीपतीनं बजावलं. “डाव्या अंगाची. यष्टीत बसल्यावानी मधी बसू नगंस.”

“आन मला वळीख,” पुतळाबाई म्हणाली. “म्या हिरवं लुगडं नेसते.”

त्या सगळ्या गलक्यात बब्रुवानची बायको चांगुणा मागं उभी होती.  घरी आल्यावर तिनं त्याची बॅग भरली, चटणीची डबी घातली, एवढंच विचारलं, “इमानात लई गार लागतं म्हनत्यात. सुती टोपी घालू का?”

मंगळवारी सकाळी ती नेहमीसारखी फाट्यापर्यंत आली. एसटीला गर्दी होती. बब्रुवान खिडकीतून रुमाल टाकायला धावला, रेटून आत घुसला, जागा मिळाली तेव्हा गाडी ओढ्याच्या पलीकडं गेली होती.

गुरुवारी विमानतळावर विमानाचा पुकारा झाला तेव्हा बब्रुवाननं जे केलं ते त्याला पुढं आयुष्यभर आठवलं की अंग आखडायचं. दार उघडल्याबरोबर तो धावला. बाकीची माणसं बोलत, रमतगमत येत होती आणि बॅग छातीशी धरून बब्रुवान एकटा रणरणत्या सिमेंटवरून पळत होता. शिडी चढला. दारातल्या पोरीनं हात जोडले, त्यानंही धावता धावता जोडले, आणि डाव्या हाताची एक खिडकी बघून त्यानं तिच्याखालच्या खुर्चीवर रुमाल टाकला. मग दम घेत रुमालावर बसला. खिडकीतून पंख दिसत होता. खाली जमीन स्वच्छ दिसणार होती.

पाच मिनिटांनी राखाडी सुटातला एक गृहस्थ येऊन उभा राहिला. हातातल्या कागदाकडं बघितलं, बब्रुवानकडं बघितलं.  हवाई सुंदरी आली, तिनं बब्रुवानच्या खिशातून डोकावणारा कागद मागून घेतला आणि हिंदीत इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “सर, आपकी सीट ये वाली है.” शेजारची, मधली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बब्रुवान उठला. सरकला. सुटातला माणूस खुर्चीपाशी आला, दोन बोटांनी रुमाल उचलला आणि त्याच्या हातात दिला.

विमान उडालं तेव्हा त्याच्या कानाला दडे बसले. गोळ्यांचं तबक आलं, त्यानं एक घेतली, पोरीनं हसून आणखी घ्या म्हटलं तेव्हा चार घेतल्या. दोन पुतळाबाईला, दोन घरी. मग सुटातल्या माणसानं खिडकीची झडप खाली ओढली, मान मागं टाकली आणि डोळे मिटले.

पाच वाजून दहा. बब्रुवाननं घड्याळ बघितलं. खाण्याचं ताट आलं. पावाचे तुकडे, केक, कागदाच्या पुडीत मीठ. त्यानं ते हातही न लावता मांडीवर धरलं. सव्वापाच. पाच वीस. एकदा त्यानं घसा खाकरला. माणूस हलला नाही. ‘साहेब, जरा’ असे दोन शब्द जुळवले. पण तळहातात तो रुमाल होता, घामानं चिंब झालेला. पाच अठ्ठावीस. आता परांड्याचा किल्ला असेल. आता सोनारी. झडपेच्या कडेनं उजेडाची एक बारीक रेघ येत होती. तो त्या रेघेकडं बघत राहिला. पावणेसहाला हवाई सुंदरी ताट न्यायला आली आणि म्हणाली, “सर, आपने कुछ खाया नहीं.”

हैदराबादेत त्याला बरी खोली मिळाली. खिडकीखाली रस्ता जागा होता, इराणी हॉटेलात गाणी, टांगे, अत्तराची दुकानं. शुक्रवारी दिवसा कारखान्यात काम झालं होतं; संध्याकाळी काहीच नव्हतं. बिर्याणी खायला म्हणून बाहेर पडला आणि दोन गल्ल्या फिरून परत आला. एकट्यानं एवढ्या मोठ्या ताटापुढं बसायचं त्याच्या जिवावर आलं. खोलीत येऊन त्यानं चांगुणानं दिलेली चटणी पावाशी खाल्ली. झोपण्याआधी बादली भरून ठेवली.

शनिवारी नळदुर्ग, सोलापूर, बार्शी करत तो फाट्यावर उतरला, तेव्हा विमान जायला थोडाच वेळ होता आणि माणसं तलावावरून त्याच्याकडंच येत होती. शिट्टी न होताच काम थांबलं होतं.

“दिसलो का?” श्रीपतीनं लांबूनच आवाज दिला.

बब्रुवाननं तोंड उघडलं. समोर तीनशे चेहरे, मातीनं माखलेले. पुतळाबाई खरंच हिरव्या लुगड्यात होती. आजही तेच नेसून आली होती.

“दिसलात,” तो म्हणाला.

असा हलकल्लोळ झाला की लिंबावरचे कावळे उडाले. “घमेली?” “चमकली का?” “किती येळ?”

“चमकली. लई चमकली. काचंचा हार टाकल्यावानी.” एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्यांचे चेहरे असे फुलले होते, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला इतकं कुणी विचारत होतं, की त्याला थांबवेना. “आन चांगुणा तर म्या सवच्छ वळकली. भरावाच्या टोकाला. डोक्यावर पदर, आन हात वर.”

 श्रीपती पायातल्या चपलेकडं बघायला लागला. कुणीतरी खोकलं.

“व्हय व्हय,” पुतळाबाई घाईनं म्हणाली. “माज्या शेजारीच हुती की. चला, घराकडं व्हा, त्येला दमू द्या.”

वरून विमान गेलं. त्या दिवशी कुणीच वर बघितलं नाही.

घरी चांगुणा भाकरी थापत होती. त्यानं बॅग ठेवली, गोळ्या काढून तिच्यासमोर ठेवल्या.

“तू गुरुवारी भरावावर हुतीस ना?”

“न्हाय.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “टँकर आला हुता. नंबर लावला हुता.”

तो चुलीपाशी बसला. तिनंच काटवटीतलं पीठ एका बाजूला सारलं.

“टँकर न्हवता आला. म्या गेलेच न्हाय.”

“का?”

“अकरा वरसं झाली,” चांगुणा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “तुमाला घालवायला फाट्यावर येते. तुमी रुमाल टाकता, चढता, जागा धरता. म्या हात करून उभी ऱ्हाते. गाडी वड्याच्या पल्याड जाते. एकदा बी मागं बघितलं न्हाई तुमी. यष्टीतनं दिसत न्हाय, ती इमानातनं दिसंल व्हय? म्हटलं, सगळ्यांच्या म्होरं आभाळाला हात कशाला करायचा.”

तव्यावरून धूर यायला लागला. तिनं भाकरी उलटली.

“म्या काय बघितलं न्हाई,” बब्रुवान म्हणाला. “कुणालाच. खिडकीत माणूस झोपला हुता. झडप खाली हुती.”

“मग त्येला उठवायचा.”

“सुटातला हुता.”

“सुटातला माणूस उठत न्हाय का?”

त्यानं तिला रुमालाचं सांगितलं. धावण्याचं, दोन बोटांनी उचललेल्या रुमालाचं, मागं हसलेल्या माणसाचं. गादी, पंखा, ताट यांतलं काही नाही. आरशापुढं नाव घेतलेलंही सांगून टाकलं. चांगुणा ऐकत राहिली, आणि भाकऱ्या गार झाल्या.

दुसऱ्या दिवशी तो लिंबाखाली गेला. माणसं होती, त्याला जागाही दिली, पण कुणी काही विचारलं नाही. पाऊसपाण्याचं, टँकरचं बोलत राहिले. बब्रुवानला कोइमतूर आठवलं. शेवटी तोच म्हणाला, “म्या खोटं बोललो. काय बी दिसलं न्हाय मला.”

“आमाला ठावं हाय,” श्रीपती म्हणाला. मग तंबाखू मळत, “आरं, तीन दिस घमेली घासत हुतो आमी. राखंनं.”

“ठावं हाय.”

“तुला काय ठावं हाय?” तो चिडून म्हणाला आणि उठून गेला.

पुढचा महिनाभर श्रीपती त्याच्याशी कामापुरतं बोलला.

मेच्या शेवटी गिरणीनं त्याला पुन्हा त्याच वाटेनं पाठवलं. गुरुवारचंच विमान. ह्या वेळी गावात त्यानं कुणाला सांगितलं नाही. चांगुणाला तेवढं सांगितलं. फाट्यावर एसटी आली, रुमाल टाकायला माणसं धावली. बब्रुवान सगळ्यांच्या मागून चढला. जागा मिळाली नाही. मागच्या काचेला टेकून उभा राहिला, आणि गाडी ओढा उतरेपर्यंत लिंबाखालची चांगुणा त्याला दिसत होती. तिनं हात केला नव्हता. डोळ्यांवर आडवा हात धरून ती नुसती गाडीकडं बघत होती, ह्याला काय झालं म्हणून.

मुंबईच्या विमानतळावर कागद देणाऱ्या बाईला त्यानं खिडकी मागितली. नाही मिळाली. पुन्हा मधलीच. खिडकीत ह्या वेळी एक म्हातारे पारशी गृहस्थ होते, पेपर वाचत. सव्वापाचला त्यांनी पेपरची घडी केली आणि झडपेला हात घातला.

“साहेब,” बब्रुवान म्हणाला. आवाज फाटला. त्यानं पुन्हा सुरुवात केली. “साहेब, पडदा मत डालो. नीचे मेरा गाव है.”

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. “गाव? कौनसा?”

“बोरगव्हाण.”

“और कौन है उधर?”

बब्रुवाननं सांगायला सुरुवात केली आणि सांगतच राहिला. पाझर तलाव, घमेली, श्रीपती, सुटातला माणूस. म्हातारा मध्येच पट्टा सोडून उठला आणि म्हणाला, “अरे बाबा, फिर तू इधर बैठ ना.”

पाच अठ्ठावीसला परांड्याचा किल्ला दिसला, काडेपेटीएवढा. मग नुसती तांबूस जमीन, जळालेल्या भाकरीसारखी, तिच्यावर कोरड्या ओढ्यांच्या सुरकुत्या. आणि मग भराव. एक सरळ रेघ, कुणी दोरा टाकून ठेवावा तशी. माणूस एकही दिसेना. झाड दिसेना, घर दिसेना. तीनशे घमेली असती तरी दिसली नसती की काय, कोण जाणे. रेघ पंखाखाली सरकली आणि गेली. बब्रुवाननं काचेला हात लावला आणि हलवला. 

परत आल्यावर लिंबाखाली त्यानं न विचारता सांगितलं. “माणूस दिसत न्हाय वरनं. कुणीच न्हाय. भराव दिसतो.”

श्रीपतीनं मान वर केली. “भराव दिसतो?”

“दिसतो. दोऱ्यावानी. सरळ.”

“सरळ ना? कुठं पोट आलंय का?”

“न्हाय. सरळ.”

“म्या म्हनत हुतो,” श्रीपती बाकीच्यांकडं वळून म्हणाला. “तलावाचा इंजिनेर म्हनत हुता वाकडा हाय.”

रात्री जेवताना चांगुणा म्हणाली, “म्या ह्या गुरुवारी गेले हुते. भरावावर. समदे घरी गेल्यावर बी हुते.”

“एकटीच?” बब्रुवाननं विचारलं.

“हात न्हाई केला. नुसती हुबी ऱ्हायले.”

“म्या केला,” तो म्हणाला.

“कुणाला?”

“भरावाला.”

चांगुणानं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. मग त्यानं ह्या खेपेला आणलेल्या गोळ्या मोजून पुतळाबाईच्या दोन वेगळ्या काढल्या आणि एक स्वतःच्या तोंडात टाकली.